आधी थांबवायचं शिकवा!

साखर कारखान्याच्या गट ऑफिसात किस्से कधी कमी पडत नाहीत, ऐकणारी माणसं कमी पडतात. आमचं काम म्हणजे उसाच्या नोंदी घ्यायच्या, तोडणीची पाळी आली की शेतकऱ्याला चिठ्ठी पोचवायची आणि दिवसभर मोटरसायकलवर रानोमाळ फिरायचं. खुर्चीपेक्षा सीटवर आयुष्य जास्त गेलेलं. त्यामुळं चहाला बसल्यावर एकानं "परवा काय झालं माहितंय काय" म्हणायचा अवकाश, दुसऱ्याचा किस्सा तयारच! नवीन आलेला पावणा शेवटी विचारतोच, "तुमी काम कवा करता हो?"

पण हल्ली आमचे सगळे किस्से फिरून फिरून शोभावहिनींवर येतात. सुरुवात हसण्यानं होते, आणि मग कुणीतरी उठून आपल्या गाडीची हवा बघून येतं. मी सर्जेराव. ह्यातल्या जवळजवळ सगळ्या वेळी तिथं हजर होतो, म्हणून मीच सांगतो.

* * *

आधी आमची अक्कल केवढी होती ते ऐका.

ऑफिसनं सगळ्यांना हेल्मेटं दिली होती. आमच्यातला बंडा म्हणजे जाळ अन् धूर संगटच. गाडी चालवायचा तीही तशीच. त्याचं हेल्मेट कायम कोपरात अडकवलेलं. बाजाराच्या दिवशी त्याच हेल्मेटातनं तो घरी अंडी न्यायचा. "एक बी फुटत न्हाय भावा, लई मजबूत माल हाय!" असं वर सर्टिफिकेट द्यायचा.

एकदा आमचे गट अधिकारी इंगवले साहेब त्याला रस्त्यातच आडवे आले. "बंडोपंत, हेल्मेट कोपराला कशाला?"

बंडा म्हणाला, "साहेब, डोकं आजवर कधी आपटलं न्हाय. कोपर मात्र रोज कुठंतरी लागतंय!"

साहेब हसले, आम्ही हसलो. सगळ्यात मोठ्यानं हसला आनंदा.

* * *

आनंदा म्हणजे शोभावहिनींचा नवरा. आमच्याच टेबलावरचा, आमच्याच चहातला.

गेल्या हंगामात एका संध्याकाळी तो गावाकडं परत निघाला होता. गावाबाहेरच्या वळणावर उसानं भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागं दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही, काही नाही. दिवस मावळताना उसाचा रंग आणि रस्त्याचा रंग एकच होतो, हे फील्डवर फिरणाऱ्यालाच कळतं. आनंदाला ट्रॉली दिसली तेव्हा फार उशीर झाला होता.

हेल्मेट डोक्याला होतं त्याच्या. पण पट्टा लावलेला नव्हता. "गळ्याला काचतोय रं" म्हणायचा नेहमी. हेल्मेट लांब उसात सापडलं, त्याला साधा ओरखडाही नव्हता. ते मीच उचलून आणलं.

त्या दिवसापासून बंडानं अंडी पिशवीतनं न्यायला सुरुवात केली. हेल्मेट डोक्यावर, पट्टा गच्च. त्यावर कुणी विनोद केला नाही.

* * *

कारखान्यानं आनंदाच्या जागी वहिनींना घेतलं. पहिल्या दिवशी साहेबांनी त्यांना बसवून सगळं स्पष्ट सांगितलं.

"वहिनी, काम फील्डचं आहे, गाडीशिवाय होत नाही. हंगाम सुरू व्हायच्या आत गाडी चालवता आली, तर आनंदाचीच गावं तुम्हाला देतो. नाही आली तर माझ्या हातात काही राहणार नाही. कारखाना साइटवर जावं लागेल."

साइट म्हणजे दोन एसट्या बदलून जायचं. जाताना अंधार, येताना अंधार. आणि घरात सातवीतली पोर आणि काठी टेकत चालणारी सासू. वहिनी म्हणाल्या, "सायकल येतीय. गाडी शिकीन."

खरी अडचण पुढंच होती. आनंदाची आई, हौसामावशी. संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा म्हातारी उंबऱ्यात बसूनच कडाडली, "ज्या गाडीनं माझा ल्योक नेला, त्या गाडीवर माझी सून बसायची न्हाय! बसली तर माझं तिचं बोलणं बंद. मरंपतोर बंद!"

वहिनी आतनं म्हणाल्या, "आत्ती, साइटवर गेलो तर तुमाला दोन टाइम गरम कोण घालणार?"

म्हातारीनं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी शिकायला आल्या आणि हौसामावशीनं आपला शब्द खरा केला. घरात बोलणं बंद.

* * *

हंगाम नसताना ऑफिसामागचा ऊसगाड्यांचा गाडीतळ मोकळा पडलेला असतो. तिथं आमची शाळा भरली. मी मास्तर. ऑफिससमोर गॅरेज असलेला अस्लम मिस्त्री सोबतीला.

मी ऐटीत सुरुवात केली. "हे बघा वहिनी, हा क्लच, हा गिअर. पहिला टाकायचा, क्लच हळू सोडायचा, की गाडी निघाली..."

"भाऊजी," वहिनींनी मला तोडलं. "निघायचं मागनं बघू. आधी थांबवायचं शिकवा!"

मी कितीतरी पोरं शिकवलीत. "स्पीड कसा घ्यायचा?" सगळे विचारतात. हा प्रश्न पहिल्यांदा आला होता.

बरं, थांबवायला शिकवायचं तर मास्तरला तरी यायला पाहिजे की! मला माझ्या वडिलांनी शिकवलं तेव्हा त्यांनी पुढच्या ब्रेकच्या दांडीला चिंधी गुंडाळून ठेवली होती. "ह्याला हात लावलास तर डोक्यावर उलटा हुशील!" आमच्या गावात सगळी अशीच शिकली. मी इतकी वर्षं नुसत्या पायाच्या ब्रेकवर जगलो होतो.

अस्लम म्हणाला, "सर्जा, ये लांबनं, आन खडूच्या रेघंवर ब्रेक मार." मी पायाचा ब्रेक दाबला. मागचं चाक फरफटत, गाडी शेपटी हलवत, रेघ सोडून पार त्या टोकाला गेली. मग तोच वेग घेऊन अस्लम आला. हँडल सरळ, दोन्ही ब्रेक एकदम, पुढचा ओलं कापड पिळावं तसा हळूहळू घट्ट. माझ्या निम्म्याही जागेत गाडी उभी!

"वाळूवर न्हाय तर वळणात असा जोरात दाबायचा न्हाय, वहिनी. वळणाच्या आधीच वेग कमी करायचा," अस्लमनं सांगितलं.

तो अख्खा दिवस वहिनींनी फक्त गाडी थांबवली. पहिल्या गिअरात चाकाचे चार फेरे झाले, की थांबव. पुन्हा निघ, पुन्हा थांबव. ऊन तापलं, आम्ही झाडाखाली गेलो, बाई हटली नाही. जाताना म्हणाल्या, "भाऊजी, उद्या तुमी बी जरा सराव करा."

* * *

तिसऱ्या-चौथ्या दिवशी इंगवले साहेब गाडीतळावरनं चालले होते. बघतात तर गाडी जमिनीवर आडवी आणि वहिनी शेजारी उभ्या. साहेब घाबरले, धावतच आले.

"वहिनी! पडली का हो गाडी? लागलं का?"

"पडली न्हाय साहेब, पाडलीय!"

साहेब माझ्याकडं बघायला लागले. मी हात वर केले. खरंच मी काही केलं नव्हतं.

वहिनी म्हणाल्या, "रानात एकटी आसताना आडवी झाली, तर कोण ईल उचलायला? आताच शिकून घेतो." आमच्याकडं बायकाही 'घेतो-जातो'च म्हणतात.

अस्लमनं युक्ती दाखवली होती. गाडी बंद करायची, गिअरात ठेवायची. गाडीकडं पाठ करून सीटला टेकायचं, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मागची पकड, पाठ ताठ, आणि सगळा जोर मांड्यांचा. उलट्या पावलांनी मागं सरकत यायचं. वहिनींनी उचलली, स्टँडला लावली, घाम पुसला आणि दुसऱ्या बाजूला परत पाडली!

बंडाला चेव आला. "सरका वहिनी, मी दावतो." आमचा तालमीतला गडी समोरनं वाकून गाडीला भिडला. गाडी वीतभर उठली आणि बंडाची कंबर तिथंच अडकली. दोघांनी धरून त्याला सरळ केला.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "बंडा, पाठ फिरवायला लाजू नये."

* * *

हेल्मेट घ्यायला आम्ही कोल्हापुरात गेलो. दुकानदारानं बाईमाणूस बघून गुलाबी हेल्मेट काढलं, वर फुलं. "ताई, हे लेडीजमध्ये लई चालतंय!"

वहिनींनी ते डोक्यात घातलं, पट्टा लावला आणि मान जोरजोरात हलवली. हेल्मेट एकीकडं, डोकं एकीकडं. "मोठं हुतंय. ह्याच्या खालचं द्या."

दुसरं घातलं. गाल थोडे दाबले गेले. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जात होती. मग दुकानदाराला म्हणाल्या, "मागनं धरा आन माझ्या डोक्यावरनं पुढं वडून काढा."

"ताई, असं कुणी करत न्हाय!"

"वडा म्हनतो न्हवं!"

त्यानं भीत भीत ओढलं. "जोरात!" वहिनी ओरडल्या. आता दुकानातली गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली होती. त्यानं दोन्ही हात लावून ओढलं. वहिनी दोन पावलं पुढं आल्या, हेल्मेट जागचं हललं नाही.

"हे द्या. रंग कुठला हाय?" हा प्रश्न त्यांनी सगळ्यात शेवटी विचारला. पिवळं होतं. वहिनी म्हणाल्या, "बेस. लांबनं दिसंल."

निघताना त्यांची नजर माझ्या पायांकडं गेली. पायात करकर वाजणारी कोल्हापुरी. "भाऊजी, ही लग्नात घाला. गाडीवर घोटा झाकणारा बूट पायजे." दुकानातल्या चार माणसांनी आपापल्या पायांकडं बघितलं. आयला, त्यातल्या तिघांच्या पायात चपलाच होत्या! मी त्याच फेरीत बूट घेतले.

मला खरं सांगायचं तर त्या ओढाओढीत हसू आलं होतं. बाहेर आल्यावर वहिनी हेल्मेटाचा पट्टा बोटांनी चाचपत उभ्या होत्या, ते बघितलं आणि हसू मेलं.

* * *

मग आला दसरा. आमच्या ऑफिसात गाड्यांच्या पूजेचा थाट विचारू नका. धुऊन-पुसून गाड्या ओळीनं उभ्या, हेडलाइटच्या काचेवर हळदीकुंकवाची मोठी बोटं, हँडलवर झेंडूचा हा जाडजूड हार. आणि तो हार सुकून गळून पडेपर्यंत काढायचा नाही, ही आमची रीत.

वहिनी फडकं घेऊन आल्या आणि एकेका गाडीच्या दिव्यावरचं कुंकू पुसायला लागल्या. म्हातारे शिपाई पाटीलमामा खवळले. "आगं, देवाचं हाय ते!"

"मामा, इंजनाला लावा, टाकीला लावा, माझी ना न्हाय. दिव्याच्या डोळ्यात कुंकू घातल्यावर दिवा बघणार काय?"

मामांनी कुंकवाची वाटी इंजिनाकडं वळवली. मग वहिनींनी हार हँडलवरनं काढून मागच्या कॅरिअरला बांधले. बंडानं मात्र आपला काढू दिला नाही. गेटच्या बाहेर वळण घेताना हाराचा दोरा ब्रेकच्या दांडीत अडकला आणि बंडा सरळ समोरच्या शेणकईच्या खड्ड्यात! लागलं काही नाही. झेंडूसकट बाहेर आला.

त्या दिवसापासून वहिनींची सकाळची फेरी आमच्या सगळ्यांच्या अंगवळणी पडली. गाडीवर बसायच्या आधी गाडीभोवती फिरायचं. टायर बोटानं दाबायचा नाही, हवा मीटरवर बघायची. चेन ढिली आहे का, कोरडी आहे का. ब्रेकची दांडी किती आत जाते. तेल किती आहे. पुढचा दिवा, मागचा दिवा, दोन्ही ब्रेक दाबल्यावर लाल लागतो का. आधी आम्ही हसायचो. नंतर एकदा ह्या फेरीतच माझ्या मागच्या टायरात घुसलेला खिळा सापडला. मी त्याच गाडीवर लेकीला घेऊन घाट उतरणार होतो. मी तो खिळा हातात धरून कितीतरी वेळ बसलो.

"घरात काय म्हणते म्हातारी?" मी विचारलं.

"वाढती. ताट म्होरं सरकवती. बोलत न्हाय," वहिनी म्हणाल्या आणि चेनला तेल घालत राहिल्या.

* * *

लायसन झालं. कारखान्याचा बॉयलर पेटला. आता निकालाचा दिवस. साहेब म्हणाले, "सर्जेराव, बंडा, तुम्ही दोघं वहिनींबरोबर गाड्या घ्या, गावांची एक फेरी मारा. मी मागं जीपमध्ये आहे." मला वहिनींपेक्षा जास्त धडधडत होतं.

अरुंद रस्त्याला पुढं ट्रॅक्टर लागला. मागं दोन ट्रॉल्या, दोन्ही उसानं तट्ट फुगलेल्या, आणि स्पीकर असा लावलेला की कोंबड्या अंडी घालायच्या विसरतील. वहिनी मागं अंतर ठेवून थांबल्या. रस्ता रुंद होईपर्यंत हॉर्न नाही, घाई नाही.

बंडाला दम निघेना. "वहिनी, असं ऱ्हायलो तर दिवाळी हितंच हुईल!" आणि काढली गाडी बाजूनं.

"बंडा, त्याला हॉर्न ऐकू जात न्हाय! मागची ट्रॉली डुलतीय!" वहिनी ओरडल्या. तोवर तो मागच्या ट्रॉलीपाशी पोचला होता. ती खड्ड्यात जाऊन कलली, बाहेर आलेली उसाची कांडी सप्पकन आली आणि बंडाचा डावा आरसा घेऊन गेली! बंडा डगमगत कसाबसा रस्त्याच्या कडेला उतरला. तोंड पांढरंफटक.

वहिनी त्याच्याजवळ जाऊन थांबल्या. हेल्मेटची काच वर केली. "डोळा जाग्यावर हाय न्हवं? मग पाणी पी आन माझ्या मागनं ये."

पुढं ट्रॅक्टरवाल्याला आरशात पिवळं हेल्मेट दिसलं, त्यानं हात केला, समोरचा रस्ता मोकळा झाला आणि वहिनी दोन्ही ट्रॉल्या एका दमात पार करून पुढं गेल्या. काय ती नजर, काय ती सबुरी! मी वीस-पंचवीस वर्षांचा जुना गडी, पण मनातल्या मनात मुजरा केला.

जीप येऊन थांबली. साहेबांनी हसत काच खाली घेतली.

"वहिनी, उद्यापासून तुमची गावं तुमच्याकडं. आणि बंडा, साइटवर तूच जा!"

* * *

नोकरी गावातच राहिली. वहिनींनी पेढे वाटले. घरचा पेढा मात्र तसाच डब्यात राहिला. हौसामावशीनं हात लावला नाही. "सगळं जमलं भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "आत्तींचा एक शब्द तेवढा ऱ्हायला."

हंगाम भरात आला. एकदा दिवस मावळायला मी आणि बंडा त्यांच्या गावावरनं येत होतो. पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची ही लांब रांग! इंजिनं चालू, पण स्पीकर बंद. हंगामात ट्रॅक्टरचा स्पीकर बंद म्हणजे काहीतरी वाईट घडलेलं असतं. वहिनींची परतायची वेळ हीच, रस्ता हाच. बंडानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. गाड्या कडेला लावल्या आणि पळत सुटलो.

रांगेच्या तोंडाशी, रस्त्याच्या मधोमध, पोतं अंथरून हौसामावशी बसली होती. काठी समोर आडवी टाकलेली. पुढ्यात शिरोळकडचा एक ट्रॅक्टर आणि खाली उतरून हात जोडणारा त्याचा ड्रायव्हर.

"आजी, उठा की! कारखान्यात वजनकाट्यावरचा नंबर जाईल माझा!"

"मागं रिफ्लेक्टर लाव. मग उठतो."

"लावलाय की! पासिंगलाच लावलाय!"

"कुठं?"

"मागच्या फळीला."

"आन ऊस कुठंवर लोंबतोय?"

ड्रायव्हरनं मान वळवून मागं बघितलं.

"फळीच्या खाली हातभर लोंबतोय! उसाच्या आत बसून त्यो कुणाला दिसणार रं? उंदराला?"

मागच्या ड्रायव्हरांत एक-दोघं हसले. म्हातारीनं नुसतं बघितलं, हसू बंद झालं. शिरोळवाला मुकाट्यानं मागं गेला. फळीवरचा रिफ्लेक्टर सोडवून त्यानं तो लोंबणाऱ्या उसाच्या शेंड्यांवर दोरीनं बांधला. म्हातारी बसल्या जागेवरनं मागच्या ट्रॅक्टरवाल्यावर ओरडली, "ए! दिवा लाव तुझा! दिसतंय काय म्होरच्याचं?"

"दिसतंय आजी! लखलखतंय!"

"मग तुझा बी सोड आन बांध. आता तुझ्या मागच्याला इचारनार हाय मी!"

काठीच्या आधारानं ती उठली, पहिल्या ट्रॅक्टरला वाट दिली आणि दुसऱ्यापुढं परत पोतं टाकून बसली. मी जवळ गेलो.

"मावशी," मी म्हणालो, "ते वळण तर तिकडं पुढं हाय. हितं सरळ रस्त्याला का बसलाय?"

"वळणावर थांबवलं तर मागनं येणारा धडकंल की. येवढं बी कळत न्हाय व्हय रं तुला?"

बंडानं डोळे पुसले आणि खिशातनं मोबाईल काढला. "मावशी, वहिनींना फोन लावतो. सासूबाईंनी अख्खा रस्ता अडवलाय म्हणून सांगतो!"

म्हातारीची काठी त्याच्या मनगटावर टेकली.

"फोन करू नगंस. गाडीवर आसंल ती. तिचं ध्यान रस्त्यावर ऱ्हाऊ दे."